गेममध्ये येणारे शब्द घरात का येत नाहीत?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा असून तिसऱ्या वर्षी त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. आम्ही सांगलीपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. वाचा-उपचार तज्ज्ञांकडे आठवड्यातून एकदाच जाणे जमते आणि तेथे मिळणारा वेळ पाऊण तासाचा असतो. उरलेले सहा दिवस वाया जाऊ नयेत म्हणून गेल्या दिवाळीत आम्ही टॅब घेतला आणि त्यावर चित्र ओळखून शब्द शिकण्याचे तीन गेम घालून दिले. त्यांपैकी एकात मराठी आवाज आहे, दोन इंग्रजीत आहेत.

पहिले चार महिने मला आभाळ ठेंगणे झाले होते. जो मुलगा जेमतेम आठ-दहा शब्द बोलत असे, तो गेममध्ये शंभरावर चित्रे ओळखू लागला आणि त्यांतील बऱ्याच शब्दांचा उच्चारही करू लागला. मात्र स्वयंपाकघरात टोपलीतील कांदा हातात धरून मी ‘हे काय?’ असे विचारले की तो कांद्याकडे पाहतच नाही, टॅब शोधू लागतो. म्हणजे टॅबमध्ये त्याला जो कांदा येतो तो घरात येत नाही.

दुसरी अडचण अशी की गेममधील वाक्ये तो भलत्या वेळी म्हणतो. परवा दुधाचा पेला सांडला, तेव्हा गेममधील बाईच्या हुबेहूब आवाजात तो ‘ओह नो! ट्राय अगेन’ असे म्हणाला. तहान लागली की ‘तुला पाणी हवंय?’ असे मलाच विचारतो आणि मी चुकून ‘नाही’ म्हटले की रडू लागतो.

सासूबाईंचे म्हणणे आहे की या डब्यामुळेच मुलगा असा झाला. यजमानांना वाटते की शब्द वाढत आहेत तर बंद कशाला करायचे. आतापर्यंत दोन तज्ज्ञांना विचारले. एकांनी टॅब पूर्णपणे बंद करा असे सांगितले आणि दुसऱ्यांनी चालू ठेवा असे सांगितले, पण कसा चालू ठेवायचा ते कोणीच सांगितले नाही. गेममधून भाषा खरोखर वाढते का, वाढत असेल तर ती टॅबबाहेर आणण्यासाठी घरी काय करता येईल, आणि ही उसनी वाक्ये थांबवावीत की नाही, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

स्वरयंत्र

कृष्णाकाठताई, मी वाचा-उपचार तज्ज्ञ म्हणून चौदा वर्षे पुण्यात काम करत आहे. मूल प्रत्यक्ष न पाहता सल्ला देऊ नये हे मान्य असल्यामुळे जे बहुतेक मुलांना लागू पडते तेवढेच लिहिते.

आधी सासूबाईंच्या शंकेविषयी. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेथून या स्थितीचा वैद्यकीय अभ्यास रूढ झाला. त्या काळी टॅब तर सोडाच, घरोघरी दूरचित्रवाणीही पोहोचलेली नव्हती. तरीही त्या मुलांमध्ये ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणणारी आणि ‘मी’च्या जागी ‘तू’ वापरणारी मुले होती. तेव्हा टॅबने स्वमग्नता आणली, हे खरे नाही. सासूबाईंच्या म्हणण्यातील एक कण मात्र मी उचलून ठेवीन: मूल एकटे टॅबसमोर बसते तो तास कोणाशी तरी बोलण्यातून वजा होतो.

आता गेममधून भाषा वाढते का, हा प्रश्न. याचे उत्तर ‘भाषा’ म्हणजे आपण काय मोजतो यावर अवलंबून आहे, आणि आपल्या दोन तज्ज्ञांची दोन मते पडली ती बहुधा यामुळेच. शब्दसंग्रह मोजला तर निकाल चांगले दिसतात. मूर आणि कॅल्व्हर्ट यांनी २००० मध्ये १४ लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात शिक्षकापेक्षा संगणकावर मुलांचे लक्ष अधिक टिकले आणि नवे शब्दही अधिक लक्षात राहिले. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील बॉसलर आणि मसारो यांनी ‘बाल्डी’ नावाचा संगणकावरचा बोलता चेहरा वापरून आठ मुलांना शब्द शिकवले. ३० दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा मुले बरेच काही विसरलेली नव्हती, आणि पुढच्या प्रयोगात सहा मुलांनी काही शब्द गेमबाहेरही वापरले. हे अभ्यास लहान आहेत, पण त्यांतून एक गोष्ट दिसते. संगणक प्रत्येक वेळी त्याच सुरात, त्याच वेगाने, न रागावता तेच सांगतो, आणि ज्या मुलाला माणसाचा बदलता चेहरा आणि बदलता आवाज यांचा ताळमेळ लावणे जड जाते, त्याला यात मोठा आराम असतो.

परंतु रोजच्या व्यवहारातील संवाद मोजला की चित्र बदलते. एडिंबरा येथील संशोधकांनी सहा वर्षांखालील ५४ मुलांवर ‘फाइंडमी’ या आयपॅडवरील गेमची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. मुलांना गेम आवडला, ती तो खेळलीही; पण आईवडिलांबरोबर खेळताना त्यांच्या संवादात फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियात ‘टोबी’ या ऍपची ८० मुलांवर चाचणी झाली (२०१७) आणि तिच्याही मुख्य निकषावर ऍप वापरणारी आणि न वापरणारी मुले या दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. याउलट २०२० मध्ये ‘मिटा’ या ऍपविषयी ६,४५४ मुलांच्या तीन वर्षांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास आला आणि त्यात ऍप वापरणाऱ्या मुलांची भाषिक प्रगती इतरांच्या २.२ पट असल्याचे मांडले गेले. हा आकडा मोठा आहे, जाहिरातीतही शोभून दिसतो. पण त्यातील प्रगती पालकांनीच नोंदवलेली होती आणि मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. जे पालक तीन वर्षे चिकाटीने ऍप वापरतात ते इतरही पुष्कळ काही करत असतात, हे ध्यानात घेऊनच तो आकडा वाचावा.

तुमच्या कांद्याकडे येते. इव्हार लोव्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये एक निरीक्षण मांडले होते: अनेक स्वमग्न मुले एखाद्या वस्तूच्या अनेक खुणांपैकी एकच खूण घट्ट धरून बसतात. आपण समजतो की मूल कांदा ओळखत आहे; मूल कदाचित चित्रामागचा निळा रंग, किंवा डावीकडून दुसरी चौकट, किंवा ते चित्र येताना वाजणारा आवाज ओळखत असते. याची परीक्षा घरी करता येते. टोपलीतील कांद्याचे, कापलेल्या कांद्याचे आणि हातात धरलेल्या कांद्याचे असे तीन फोटो फोनने काढा, गेम बाजूला ठेवून साध्या फोटोंच्या दालनात इतर चित्रांबरोबर दाखवा, आणि दर वेळी जागा बदला. तो तिन्ही ओळखत असेल तर शब्द पक्का आहे आणि फक्त टॅबपासून हातापर्यंतचा पूल बांधायचा आहे. एकही ओळखत नसेल तर शंभर शब्दांचा आकडा विसरून दहा शब्दांपासून नव्याने सुरुवात करावी लागेल. यात निराश होण्यासारखे काही नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत हे वारंवार दिसते.

पूल बांधण्याची पद्धत सोपी आहे, फक्त कंटाळवाणी आहे. गेम सुरू करण्याआधीच खरा कांदा टॅबशेजारी ठेवा. चित्र आले की मुलाचे बोट चित्रावर आणि लगेच वस्तूवर न्या. काही दिवसांनी वस्तू टॅबपासून हातभर दूर, मग टोपलीत, मग ओट्यावर. गेमचा आवाज मधूनमधून बंद करून तोच शब्द तुम्ही म्हणा, म्हणजे शब्द एका आवाजाला चिकटून राहणार नाही. एकटे खेळणे शक्यतो नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी मोठ्यांच्या देखरेखीखाली दिवसाला एक तासाची मर्यादा सांगितली आहे. तुमचा मुलगा ती रेषा नुकतीच ओलांडून आला असला तरी मी तिच्या आतच राहीन, आणि तोही एक तास सलग नव्हे.

आणखी एक. तुमच्या गेममधील शंभर शब्द जवळजवळ सगळे नामे असतील, असे मी पैजेवर सांगते. चित्र काढायला नाम सोपे असते म्हणून गेम बनवणारे नामे घेतात. पण साडेपाच वर्षांच्या मुलाला दिवसभर लागणारे शब्द ‘दे’, ‘नको’, ‘अजून’, ‘उघड’, ‘थांब’, ‘संपलं’ असे असतात. ज्याला ‘पाणघोडा’ म्हणता येते आणि ‘नको’ म्हणता येत नाही, त्या मुलाची चिडचिड होणारच.

दोनचाकी

मी तज्ज्ञ नाही, ठाण्यात राहणारा एका सात वर्षांच्या मुलाचा बाप आहे. वर ‘स्वरयंत्र’ यांनी जे लिहिले आहे ते आम्ही ठेचा खाऊन शिकलो, त्यामुळे थोडे तपशिलात लिहितो.

तयार गेमवर माझा मुख्य आक्षेप मराठीचा आहे. इंग्रजी गेममधील शब्दांच्या जागी मराठी आवाज भरला की गेम मराठी झाला असे समजले जाते, पण आपली भाषा तशी बसत नाही. इंग्रजीत ‘बॉक्स’ हा शब्द आत, वर, खाली कुठेही गेला तरी ‘बॉक्स’च राहतो. मराठीत ‘डबा’ शिकलेल्या मुलाला घरात ऐकू येते ‘डब्यात’, ‘डब्यावर’, ‘डब्याला’. ‘घोडा’ शिकला आणि ऐकतो ‘घोड्यावर’. आपल्याला हा एकच शब्द वाटतो. जे मूल एकेक शब्द ठोकळ्यासारखा उचलते, त्याच्यासाठी तो दुसराच शब्द असतो. माझा मुलगा ‘डबा’ म्हटले की डबा आणत असे आणि ‘डब्यात ठेव’ म्हटले की जागचा हलत नसे. सहा महिने आम्ही हा हट्ट समजत होतो.

शेवटी मी पॉवरपॉइंटमध्ये स्वतःच गेम केला. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही: एका पानावर आपल्याच घरातील वस्तूंचे तीन फोटो लावायचे, प्रत्येक फोटोला दाबल्यावर जाणारे पान जोडायचे आणि आपल्या आवाजात वाक्य ध्वनिमुद्रित करायचे. आमच्या गेममध्ये फक्त बारा वस्तू आहेत, पण प्रत्येक वस्तू चार वाक्यांत येते: ‘हा डबा’, ‘डबा दे’, ‘डब्यात काय आहे?’, ‘डबा रिकामा’. वस्तू त्याच, फोटो दर आठवड्याला नवे. मग कधी डबा उघडा, कधी आजीच्या हातात.

यात माझ्या दोन चुका झाल्या. पहिल्या आवृत्तीत बरोबर उत्तराला टाळ्या आणि चुकीच्या उत्तराला एक गमतीदार आवाज ठेवला होता. चिरंजीवांना तो गमतीदार आवाज इतका आवडला की ते आठवडाभर निष्ठेने चुकीचीच उत्तरे देत राहिले, आणि मी मात्र ‘याला अजून काहीच येत नाही’ अशी नोंद वहीत करत होतो. आता चुकीच्या उत्तराला काहीच वाजत नाही. दुसरी चूक आवाजाची. सगळी वाक्ये बायकोच्या आवाजात होती, ‘मी खाते’, ‘मी जाते’, आणि मुलगा अर्थातच ‘मी खाते’ म्हणू लागला. मराठीत ‘मी’बरोबर क्रियापदही बोलणाऱ्याचे लिंग दाखवते, हे आम्ही गृहीतच धरतो. मग नऊ वर्षांच्या पुतण्याला बसवून सगळी ‘मी’ची वाक्ये त्याच्या आवाजात घेतली. मजुरी म्हणून त्याने दोन वडापाव घेतले. कृष्णाकाठताई, तुमच्या मुलाच्या ‘तुला पाणी हवंय?’ यावर हाच उपाय करून पाहण्यासारखा आहे: मुलाने जे म्हणायला हवे तेच वाक्य, ‘मला पाणी हवंय’, मुलाच्याच वयाच्या आवाजात त्याला पाण्याच्या माठाजवळ ऐकू आले पाहिजे.

गेमचे शेवटचे पान कोरे आहे. त्यावर फक्त माझा आवाज येतो: ‘आता खरा डबा आण.’ मग टॅब पालथा. खरा डबा पहिल्यांदा आला तो सत्ताविसाव्या दिवशी, आणि तोही मी मागितलेला नव्हे, दुसराच. तरीही त्या दिवशी आमच्या घरी श्रीखंड झाले.

एक विचारायचे होते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेले ‘जेलो’ हे चित्रे दाबून बोलण्याचे ऍप मराठीत आहे आणि मोफत आहे. चेन्नईत तयार झालेल्या ‘आवाज’ विषयीही ऐकतो. हे गेममध्येच धरायचे का?

स्वरयंत्र

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे म्हणून लगेच लिहिते. गेम हा शिकण्याचा तुकडा आहे. ‘जेलो’ किंवा ‘आवाज’ हा मुलाचा आवाज आहे. गेम ठरावीक वेळी उघडावा आणि बंद करावा, बोलण्याचे ऍप मात्र दिवसभर मुलाच्या हाताशी हवे. दोन्ही एकाच टॅबवर असले की मूल बोलण्यासाठी टॅब घेते आणि गेममध्ये शिरते, मग पालक वैतागून टॅब काढून घेतात आणि मुलाचे बोलणेही त्याबरोबर कपाटात जाते. शक्य असेल तर बोलण्यासाठी जुना फोन वेगळा ठेवावा.

चित्रे दाबायची सवय लागली तर तोंडाने बोलायचे राहून जाईल, ही भीती प्रत्येक पालक बोलून दाखवतो. कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पाच ते आठ वर्षांच्या, जेमतेम बोलणाऱ्या ६१ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना खेळावर आधारलेल्या उपचाराबरोबर सुरुवातीपासून बोलणारे यंत्र मिळाले, त्यांचे आपणहून बोलणे यंत्राशिवाय उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक वाढले. अर्थात तेथेही यंत्र मुलाच्या हातात देऊन मोठी माणसे उठून गेली नव्हती, तीही त्याच यंत्रावर चित्रे दाबून मुलाशी बोलत होती.

कळफलक

मी एकतीस वर्षांचा आहे, सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतो आणि स्वतः स्वमग्न आहे. मूळ प्रश्नातील एका वाक्यावर मी बराच वेळ थांबलो. दुधाचा पेला सांडला आणि मुलगा ‘ओह नो! ट्राय अगेन’ म्हणाला, याला ‘भलत्या वेळी’ का म्हटले आहे? काहीतरी बिघडले, आता ते पुन्हा करायला हवे, असा त्या वाक्याचा अर्थ आहे आणि दूध सांडल्यावर म्हणण्यासारखे याहून नेमके वाक्य त्याच्यापाशी नसावे. त्याने ते गेममधून उचलले, प्रसंग ओळखला आणि वापरले. तुम्ही ज्या पुलाची वाट पाहत आहात त्यावरून तो एकदा चालून आलेला आहे.

माझ्या लहानपणी घरात संगणक होता आणि त्यावर शब्द टंकण्याचा एक साधा गेम होता: वरून अक्षरे पडत आणि ती जमिनीवर पोहोचण्याआधी कळफलकावर दाबायची असत. मी बोलण्याआधी त्यावर लिहू लागलो. तो गेम मला का आवडे, हे तेव्हा सांगता आले नसते, आज सांगता येते. तो वाट पाहत असे. माणसे प्रश्न विचारतात आणि दोन क्षणांत तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतात. मी पहिल्या प्रश्नाचे उत्तर जुळवत असतो तोवर दुसरा येऊन आदळतो आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. घरच्यांना गेमकडून एक गोष्ट शिकायची असेल तर ती ही आहे. ‘हे काय?’ असे एकदा विचारावे आणि मनात दहा आकडे मोजावेत.

माझ्या आईने मला वाक्ये उसनी घेण्यापासून थांबवले नाही. ती त्या वाक्याला पुढचे वाक्य जोडत असे. तुम्हीही ‘ओह नो, दूध सांडलं. पुन्हा ओतूया’ असे म्हणून पाहावे. त्याचे वाक्य तसेच राहते आणि त्याला एक नवे मिळते.

स्वरयंत्र

‘कळफलक’ यांच्याशी पूर्ण सहमत आहे. प्रिझंट आणि डुकन यांनी १९८१ मध्येच दाखवून दिले होते की मुले ऐकलेले वाक्य लगेच उलट म्हणतात त्यामागे होकार देणे, आपली पाळी घेणे, मागणी करणे अशी निरनिराळी सात कामे असू शकतात. या उसनवारीला ‘पोपटपंची’ म्हणणारे अहवाल आजही माझ्यासमोर येतात, हे दुर्दैव.

भाट्याची खाडी

सगळ्यांचे वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मांडले नाही तर हा धागा एकांगी होईल. माझ्या नातीला गेमचा उपयोग झाला नाही. आम्ही रत्नागिरीला असतो, सून आणि मुलगा दोघेही नोकरी करतात, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर टॅब तिच्यासाठी नव्हता, आमच्यासाठी होता. ती गप्प बसे आणि मला स्वयंपाक उरकता येई. बारा फोटो काढून त्यांना आवाज देण्याइतका वेळ आणि डोके प्रत्येक घरात असते असे समजू नये. मी तो बंद केला. दहा-बारा दिवस तिने घर डोक्यावर घेतले, मग हळूहळू ती माझ्यामागे स्वयंपाकघरात येऊ लागली. तिला भातुकलीची भांडी दिली आणि मी जे करीन त्याचे एकच क्रियापद मोठ्याने म्हणत राहिले: ‘ओत’, ‘ढवळ’, ‘झाक’. आज तिला अशी सतरा क्रियापदे येतात आणि त्यांतील एकही पडद्यावरून आलेले नाही. तुमच्या मुलाला टॅब मानवत असेल तर वापरा, पण ‘टॅब बंद करा’ असे सांगणारे तज्ज्ञ अडाणी होते असे मात्र म्हणू नका. त्यांनी कदाचित माझ्यासारखी घरे पाहिली असतील.

मांडवीपलीकडे

भाट्याच्या आजींचे म्हणणे मला पटते, फक्त उपकरणाचा एक तिसरा उपयोग सुचवते. आमच्या गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर एक चाचणी झाली होती, ‘पास’ या नावाची. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीत मुलाच्या हातात काहीच दिले नव्हते. पालक मुलाशी खेळत असताना त्याचे चित्रण करायचे आणि प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्तीबरोबर बसून पालकांनी ते पाहायचे, अशी ती पद्धत होती. कार्यकर्त्या तज्ज्ञ नव्हत्या, तरीही पालकांचे प्रतिसाद मुलांशी अधिक जुळते झाले आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. तुमच्याकडे टॅब आहेच. मुलगा गेम खेळत असताना तुमच्या दोघांचे पाच मिनिटांचे चित्रण करा आणि तो झोपल्यावर आवाज बंद करून पाहा. मी माझ्या भाचीबरोबरचे असे चित्रण पाहिले तेव्हा मला कळले की ती चार वेळा माझ्याकडे वळून पाहत होती आणि चारही वेळा मी पडद्याकडे बघत होते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कामात अडकल्यामुळे तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

कांद्याची परीक्षा घेतली. तिन्हींपैकी एकही फोटो त्याने ओळखला नाही. गेममधील चित्रात कांदा हिरव्या चौकटीत आहे, म्हणून हिरव्या कागदावर चमचा ठेवून त्याचा फोटो दाखवला, तर त्याने ठणठणीत आवाजात ‘कांदा’ असे सांगितले. रडू आले आणि हसूही आले. आता दोन गेम काढून टाकले आहेत. यजमानांनी ‘दोनचाकी’ यांच्याप्रमाणे आठ वस्तूंचा गेम केला, ‘मी’ची वाक्ये शेजारच्या पहिलीतील मुलाने म्हटली. सासूबाईंनी स्वतःहून ‘झाक’ आणि ‘ओत’ यांचे ध्वनिमुद्रण करून दिले, आणि गेम खेळताना त्याच्याशेजारी बसण्याचे कामही सध्या त्यांच्याकडेच आहे. चित्रणही केले. मी दोन क्षणसुद्धा थांबत नाही, हे त्यात स्पष्ट दिसते.

शब्दांत म्हणाल तर फार फरक नाही. काल मात्र बरणीचे झाकण निघेना तेव्हा तो ती माझ्याकडे घेऊन आला आणि ‘ट्राय अगेन’ असे म्हणाला. मी ‘ट्राय अगेन, उघडूया’ असे म्हटले. तो काही बोलला नाही.

एक शेवटचा प्रश्न आहे. जूनपासून शाळा सुरू होईल आणि ती इंग्रजी माध्यमाची आहे. घरी मराठी, गेममध्ये मराठी आणि शाळेत इंग्रजी, यात त्याचा गोंधळ होईल का? ‘ट्राय अगेन’ काढून तेथे ‘पुन्हा कर’ घालावे का?

स्वरयंत्र

दोन भाषा ऐकणाऱ्या आणि एकच भाषा ऐकणाऱ्या स्वमग्न मुलांची तुलना करणारे बरेच अभ्यास झाले आहेत आणि दुसऱ्या भाषेमुळे भाषा आणखी मागे पडते असे त्यांत आढळलेले नाही. घरातील माणसे ज्या भाषेत सहज बोलतात ती सोडू नका. आजीने इंग्रजीत ‘पोअर’ म्हणण्यापेक्षा मराठीत ‘ओत’ म्हणावे. ‘ट्राय अगेन’ त्याचे आहे, ते काढू नका. शाळेतील बाईंना मात्र आधीच सांगून ठेवा की हा मुलगा ‘ट्राय अगेन’ म्हणाला तर त्याला मदत हवी आहे.

आणि हिरवा कागद टाकून देऊ नका. आठही वस्तू आळीपाळीने त्यावर ठेवून फोटो काढा.